उजवीकडच्या पट्ट्या

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, आणि गुन्हा मी तिच्याच बाबतीत केलेला आहे.

दर रविवारी आमच्याकडे चार-पाच मित्र जमायचे, हेडफोनच्या आवाजावर चर्चा करायला. दुष्काळाचं साल. हर्सूलकडच्या आमच्या नव्या कॉलनीत नळ आठ दिवसांनी यायचा, पण आम्हाला काळजी नादाच्या शुद्धतेची! इक्वलायझरला, म्हणजे जाड-बारीक आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्यांना, हात लावणं म्हणजे बाटणं. गायक गायला तसंच ऐकावं, म्हणे — गायक काय आमच्या कानात बसून गायला होता? आता आठवलं तरी चीड येते.

शैला, माझी बायको, दुपारी माझ्याच हेडफोनवर नाट्यगीतं ऐकायची. इक्वलायझरच्या उजवीकडच्या पट्ट्या, बारीक-तीक्ष्ण आवाजाच्या, पार वर नेऊन ठेवायची. मी रोज त्या खाली ओढून एका रेषेत आणायचो. ती म्हणायची, "अहो, राहू द्या ना. नाहीतर शब्दच कळत नाहीत." एका रविवारी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "हिला गाणं नको, पत्र्यावरच्या गारा हव्यात." मंडळी हसली. तीही हसली — का हसली असेल? त्यानंतर तिनं हेडफोनला हात लावला नाही.

मग एकदा नळ आला. पाण्याआधी तोटीतून हवा फुसफुसते. ती शैलाला दोन हातांवर असून ऐकू आली नाही. भांडी रिकामीच राहिली. मी नको नको ते बोललो, आणि दुसऱ्या दिवशी तिला औरंगपुऱ्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासणीचा आलेख हातात दिला. डावीकडे, जाड आवाजांपाशी, रेषा ठीक होती. उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, घसरत गेलेली — जिथं ती पट्ट्या चढवायची, नेमकी तिथंच.

म्हणजे तिनं आपल्या कानाचं औषध स्वतःच शोधलं होतं. आणि मी, शुद्धतेचा सोवळा, ते रोज ओतून देत होतो.

मला हे तिथं खुर्चीतच कळलं. जिन्यात तिनं विचारलं, ती रेषा कसली होती? मी म्हणालो, "वयाची." खोटं नव्हतं. ही माझी हुशारी!

आता ती कानात यंत्र लावते. गाणी ऐकत नाही. परवा तिची भाची नवे हेडफोन घेऊन आली, मावशीच्या कानाला लावू लागली. शैला मागं सरली. "मला नको गं. मला त्यातलं काही कळत नाही. तुझ्या काकांना विचार."

भाचीनं विचारलं, आवाज कसा लावू? आणि पट्ट्या एका रेषेत का ठेवायच्या, ते मी तिला नीट समजावून सांगितलं.