झाकणावरचा ओला गोल

ड्रम मीच तयार करून घेतला होता, पण तो माझा आहे असं घरात कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं.

भंडारदऱ्याला धरणाच्या काठावर, आमच्याच शेतात पप्पांनी पर्यटकांसाठी तंबू लावले आहेत. जेवणात काही वेगळं हवं म्हणून मी कोळशाच्या धुरावर सावकाश शिजवलेली कोंबडी सुचवली. त्यासाठी वेल्डरकडून हा ड्रम करून घेतला: खाली कोळशाचं दार, मधे जाळी, बाजूला धुराचा पाईप, वर सपाट झाकण. पहिली कोंबडी बाहेरून सुरेख तांबूस झाली आणि हाडापाशी कच्ची निघाली. एका पाहुण्यानं ताट तसंच परत पाठवलं.

त्याच दिवशी काकी पप्पांना म्हणाली, "भावजी, त्यो डरम न्हानीपाशी ठेवा. पानी तापवायला झ्याक चूल हुईल. पातेलं बी बसतंय वर बरोबर."

बसतंय हे तिला कसं कळलं? ठेवून बघितलं असणार. ते वाक्य मी लक्षात ठेवलं.

काकी म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाची बायको. तंबूंतल्या लोकांच्या आंघोळीचं पाणी तीच तापवते, ऐन थंडीत, तीन दगडांच्या चुलीवर, डोळ्यांत धूर घेत. तिची मागणी खोटी नव्हती. म्हणूनच मला तिची जास्त धास्ती वाटायची.

पप्पांनी मधला मार्ग काढला. रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना कोंबडी नीट खायला मिळाली तर ड्रम माझा, नाहीतर काकीची चूल. मी थर्मामीटर मागवला. त्याला दोन सळया. एक कोंबडीच्या मांडीत टोचायची, दुसरी जाळीला अडकवून ड्रममधली उष्णता मोजायची. दोन्हींच्या वायरी बाहेरच्या डबीला जोडायच्या, की आकडे मोबाईलवर दिसतात. वायरी आत न्यायला ड्रमच्या अंगाला बोटाएवढं भोक हवं होतं.

"भोक रविवारनंतर," पप्पा म्हणाले. "चूल करायची ठरली तर त्यातून धूर न्हाणीत भरायचा."

म्हणजे त्यांनी मनातून ठरवूनच टाकलं होतं की काय? त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. संगमनेरच्या हॉस्टेलवर इंग्रजी शाळेत इतकी वर्षं काढल्यावर घरातले चेहरे वाचायला मला अजूनही वेळ लागतो.

रविवारी दुपारी मी वायरी झाकणाच्या कडेखालून आत घेतल्या. निखाऱ्यांपासून लांब राहाव्यात म्हणून पाईपच्या बाजूनं. आतल्या भागाला चांदीचा कागद गुंडाळला. बाहेर थोडी ढील सोडली, म्हणजे वाफेचं पाणी वायरीवरून डबीत न उतरता मधेच ठिबकेल. डबी उलट्या बादलीवर ठेवली. काकी शेजारी पोत्यावर बसून तांदूळ निवडत होती.

"ह्या वायरीनं शॉक देतीस का काय तिला?"

"ताप बघायचाय, काकी."

"मेलेल्या कोंबडीचा?" ती खळखळून हसली. "लवकर न्यायची हुतीस की डॉक्टरकडं!"

मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं.

पाहुणे आले तशी मी आत गेले. नव्या माणसांशी बोलायचं काम पप्पांचं. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. ड्रमचा आकडा एकशे वीस अंशांवर छान स्थिरावला होता. मग तो उतरायला लागला. एकशे दहा. शंभर. मी बाहेर धावले. झाकण जागेवर, पाईपातून धूर नीट चाललेला, काकी तांदूळ निवडतेय.

"झाकण उघडलं का कुणी?"

"मी कशाला उघडू? मला न्हाई त्या कोंबडीचं तोंड बघायचं."

मी दारातून दोन मुठी कोळसे टाकले. आकडा चढला आणि मी आत आल्यावर थोड्या वेळानं पुन्हा पडला. पुन्हा बाहेर. काकी होती तिथंच, फक्त आता तिच्या पदराचं टोक ओलं होतं. झाकणावर एक मोठा गोल होता, ओला, कडेकडेनं सुकत चाललेला. मी बघत असतानाच तो नाहीसा झाला. मी आत गेले आणि या वेळी मोबाईलऐवजी मागच्या खिडकीपाशी उभी राहिले.

काकीनं इकडंतिकडं बघितलं. मग न्हाणीमागून पाण्यानं भरलेलं पातेलं आणून सरळ माझ्या ड्रमवर ठेवलं.

मी धावत बाहेर आले. "काकी, हे काय?"

ती दचकली, पण क्षणभरच. "आगं, इस्तू नुसता जळतोय. आंगोळीचं पानी तरी तापंल म्हनून ठिवलं. तुझी कोंबडी काय पळून चाललीय?"

"पाण्यानं आतली धग उतरते. आकडा बघ."

"आकडा कशाला बघू? पानी कोमट झालंय, हात घालून बघ."

पातेलं उतरवलं. मांडीतल्या सळईचा आकडा मोबाईलवर गायब होता, तिथं नुसत्या रेघा. झाकण उचललं तर ती वायर कडेखाली चपटी झालेली. भरल्या पातेल्याच्या वजनानं ती चिरडली होती. दुसरी शाबूत होती. पाहुणे चहा पिऊन पडवीत बसले होते, आणि कोंबडी आतून शिजलीय की नाही हे सांगायला माझ्याकडे एकच सळई उरली होती. मी ती जाळीवरून काढून मांडीत टोचली. पण वायर न्यायची कुठून? कडेखालून पुन्हा नको. मग खालच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यातून, निखाऱ्यांपासून जेवढी दूर ठेवता येईल तेवढी दूर ठेवून बाहेर काढली. दार नीट लागेना, फटीतून जास्तीची हवा शिरून कोळसे भडकायला लागले.

काकी उठून आत गेली. परतली ती मळलेल्या कणकेचा गोळा घेऊन. हंडीच्या झाकणाला लावतात तशी तिनं ती फटीत, वायरीभोवती दाबून बसवली. मी तिच्या अंगठ्यावरून नजर काढली नाही. वायर जोरात दाबतेय का? मुद्दाम वाकवतेय का?

"बघतीस काय अशी? चोर हाय का मी?"

कणीक भाजून कडक झाली, कोळसे मंदावले, मांडीतला आकडा सावकाश चढत पंचाहत्तरवर गेला, म्हणजे आतून शिजली. तरीही मी तो खरा मानला नाही. पाहुण्यांना वाढायच्या आधी पप्पांनी मांडी सांध्यापाशी सोडवली. आत कुठं लाल नव्हतं. स्वच्छ रस ताटात उतरला.

पाहुण्यांनी पुन्हा मागितली. पप्पा ताट घेऊन ड्रमपाशी आले, चेहरा तसाच, काही न सांगणारा. खिशातून खडू काढून त्यांनी जाळीच्या जरा वर, पाईपच्या बाजूला एक छोटा गोल काढला.

"उद्या वेल्डरकडं ने. इथं भोक पाडून आण."

काकी कणकेचे टवके नखानं काढत होती. तिनं मान वर केली नाही. "पाडा भोक," ती म्हणाली. "पन झाकन तेवढं सपाटच ऱ्हाऊ द्या."

मी झाकण उचलून आत घेऊन गेले आणि माझ्या खोलीत, कपाटामागं ठेवलं.