कडव्या वालांची वेबसाइट

वाल इंटरनेटवर विकायचे, हे माझ्या डोक्यात भरलं ते पेणच्या एका सभागृहात. बचत गटाच्या बायकांसाठी मोफत शिबिर होतं. मोफत होतं म्हणूनच गेले. शिकवणाऱ्या गृहस्थांनी पडद्यावर दोन चित्रं दाखवली. एकात रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेली बाई, दुसऱ्यात लॅपटॉपपुढे हसत बसलेली बाई. टोपलीवालीपुढे निदान भाजी तरी होती. लॅपटॉपवालीपुढे विकायला काहीच नव्हतं, तरी ती हसत होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्याऐवजी मी टाळ्या वाजवल्या.

धंदा आमचा तो केवढा! मी पेणला पोह्याचे पापड करते. नवरा नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातो. थोरली नणंद रोह्याजवळच्या गावात राहते, भात कापून झालं की तिच्या शेतात वाल पेरतात. त्यातले कडवे वाल ती माझ्याकडे पाठवते आणि पापडांबरोबर तेही खपतात. गिऱ्हाईक सगळं ओळखीचं, नाहीतर ओळखीच्यांच्या ओळखीचं.

शिबिरातून मी दोन गोष्टी शिकून आले. 'पेमेंट गेटवे' घेतला की गिऱ्हाइकाचे पैसे घरबसल्या येतात आणि 'पब्लिशिंग सॉफ्टवेअर' घेतलं की आपलं दुकान जगाला दिसतं. दोन्ही विकणाऱ्या कंपन्या ढिगानं. मी पूर्वी शाळेत शिकवायची, त्यामुळे तुलना करायची म्हटल्यावर आधी वहीत रकाने आखले. 'मराठी चालतं का?' या रकान्यात सगळ्यांचंच 'हो' आलं. 'फोन उचलतात का?' यातही सगळे पहिल्या रिंगला पास. विकत घेण्याआधीचा फोन आणि नंतरचा फोन असे दोन रकाने करायला हवे होते, हे मागाहून कळलं.

आठवडाभर तुलना करून मी दोन कंपन्या निवडल्या. मग पेमेंटवाल्या मुलीनं सांगितलं, "मॅम, आधी तुमची साइट सुरू पाहिजे. त्याशिवाय आम्ही मंजुरी देत नाही."

साइटवाल्या मुलानं सांगितलं, "मॅम, आधी पेमेंट जोडा. त्याशिवाय दुकानाचं पान पब्लिश होत नाही."

मी तीनदा इकडून तिकडे फोन केले. दोघंही दर वेळी तेवढ्याच गोड आवाजात तेच सांगत होते. शेवटी नवऱ्याचा फोन मागून घेतला, दोन्ही फोन स्पीकरवर टाकले आणि जेवणाच्या टेबलावर समोरासमोर ठेवले. म्हटलं, बोला आता एकमेकांशी.

दोघं फार अदबीनं बोलले. एकमेकांना 'सर' आणि 'मॅम' म्हणाले. मग साइटवाला मला म्हणाला, "मॅम, दोघांचंही बरोबर आहे."

नवरा नुकताच पहिली शिफ्ट करून आला होता. तो म्हणाला, "आमच्या कंपनीत असं झालं तर प्लांट बंद पडतो."

तोड साइटवाल्यानंच काढली. वर्षभराचं मोठं पॅकेज घेतलं की ती अट लागत नव्हती. अट कुणाच्या भल्यासाठी ठेवली होती, हे मी विचारलं नाही. पॅकेज घेतलं.

साइटवर काय काय लिहायचं ते ठरवायला मी एसटीनं रोह्याला गेले. साइटवर 'परतावा धोरण' असलंच पाहिजे, असा पेमेंटवाल्यांचा नियम. त्याचा मजकूर सॉफ्टवेअरमध्ये तयारच होता. माल पसंत नसेल तर तीस दिवसांत परत, विनाकारणसुद्धा. मी तो नणंदेला वाचून दाखवला. ती अंगणात सुपात वाल निवडत होती.

"महिन्यानं वाल परत घ्यायचे?" ती म्हणाली. "मंग काय किडे मोजू काय गो?"

"वन्सं, तसं लिहावंच लागतं."

"मंग लिव ना खरं. एकदा भिजवले की तुमचे."

मी तसंच लिहिलं. संपर्काच्या पानावर माझा फोन नंबर टाकला, कारण तोही नियम. नणंदेनं शेताचा फोटो काढू दिला, पण आधी घरात जाऊन साडी बदलून आली आणि फोटोत स्वतःच मधोमध उभी राहिली. वाल तिच्या पायाशी कुठेतरी दिसतात.

साइट सुरू करून पेमेंटसाठी अर्ज केला, तर दहा दिवसांनी पेमेंटवाल्यांकडून नकार आला. कारण एका ओळीचं होतं, तुमचा परवाना आणि तुमची साइट जुळत नाही. फोन लागायला दोन दिवस गेले. लागला तेव्हा एका साहेबानं हिंदीत विचारलं, "मॅडम, आपण भिंती विकता का?"

मला वाटलं, चुकीचा नंबर लागला. मग साइट इंग्रजीत उघडून पाहिली. सॉफ्टवेअरनं आपणहून भाषांतर करून ठेवलं होतं. आमचे कडवे वाल तिथे 'बिटर वॉल' झाले होते आणि 'बांधकाम साहित्य' या सदरात बसले होते. वजन, एक किलो. एक किलोची कडू भिंत. परवाना मात्र खाद्यपदार्थांचा.

मी साहेबाला समजावलं, "भिंत नाही, वाल. वाल."

"हो हो, वॉल," तो म्हणाला.

मी नणंदेला फोनवर जोडून घेतलं. ती ओरडली, "ओ सायेब, शिजवून खातात ते! बिरडं करतात! भिंत कोन खातंय?"

मग साहेबानं शिजवलेल्या वालांचा फोटो मागितला. त्या दिवशी माझ्याकडे बिरडं नव्हतं. वाल भिजवून, मोड आणून, सोलून फोटो पाठवायला मला तीन दिवस लागले. मोठमोठे घोटाळेवाले बिनबोभाट खाती उघडतात म्हणे. त्यांना बहुतेक बिरडं चांगलं जमत असावं.

एकदाची मंजुरी आली. नवऱ्यानं पेढे आणले. आम्ही दोघं साइट उघडून बसलो. कुणीच आलं नाही. आठवड्यानं सॉफ्टवेअरनं कळवलं, 'अभिनंदन! आज तुमच्या दुकानाला सात जणांनी भेट दिली.' सातातले पाच म्हणजे आम्ही दोघंच, पुन्हा पुन्हा उघडून बघणारे, सहावी नणंद. सातवा कोण ते कळलं नाही.

मग एका सकाळी पुण्याहून एका बाईंचा फोन आला.

"तुमचे कडवे वाल पाहिले. मिळतील का?"

"मिळतील की! साइटवरच ऑर्डर करा, लगेच पैसे भरता येतात."

"छे हो, अनोळखी साइटवर कोण पैसे भरतं? संपर्कात तुमचा नंबर होता म्हणून फोन केला. तुमचा तो स्कॅन करायचा कोड व्हॉट्सॲपवर पाठवा."

तो कोड माझ्या पापडांच्या टेबलाला दोन वर्षं चिकटवलेला होता. फोटो काढला, पाठवला, मिनिटात पैसे आले. त्या बाईंनी बहिणीला सांगितलं, बहिणीनं सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. फोनवर फोन यायला लागले. प्रत्येकीला बिरडं कसं करायचं ते विचारायचं असायचं, म्हणून मी नणंदेचा नंबर देऊ लागले. ती एकेकीशी अर्धा अर्धा तास बोलायची. एकीला ती म्हणाली, "खोबरं कमी घालशील तर करूच नको गो." त्या बाईंनी पुन्हा दोन किलो मागवले. गेटवेतून मात्र एकही ऑर्डर आली नाही.

मार्च संपायच्या आत वाल संपले. मी पेमेंटचं खातं बंद केलं, मग साइट बंद करायला घेतली. नणंद तेव्हा पेणला आली होती, शेजारी बसली होती. बंद करण्याआधी सॉफ्टवेअरनं विचारलं, 'आपण आम्हाला का सोडून जात आहात?' खाली उत्तरं तयार होती. किंमत जास्त वाटली, वापरायला कठीण वाटलं, दुसरी कंपनी निवडली.

"कशावर टिचकी मारू?" मी विचारलं.

"ह्यातलं कायच नाय," नणंद म्हणाली. "लिव, वाल संपले."

मी 'इतर' या चौकोनात तेवढंच लिहिलं. पाचच मिनिटांत उत्तर आलं. 'तुम्हाला वाईट अनुभव आला याबद्दल क्षमस्व. तुमच्या भिंतीसाठी आमच्याकडे खास सवलत आहे.'

नणंदेनं ते मला दोनदा वाचायला लावलं. मग उठली आणि पापड वाळत घातले होते तिकडे गेली.