टाकीतली हडळ

फुलपाड्यात बातमी होती की आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीत हडळ राहते. मोकळे केस, लालभडक ओठ, आणि दिवेलागणीला असा टाहो फोडते की खालच्या हंसाकाकूंच्या हातातून तेलाची वाटी पडते. हंसाकाकू हे सांगताना प्रत्येक वेळी वाटी मोठी होत जायची.

हडळबिडळ काही नाही. ते तिसऱ्या मजल्यावरचे हरेश्वरकाका. दिवसा कामणच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात आणि संध्याकाळी रिकाम्या टाकीत डोकं घालून गळा तापवतात. माझी ताई उन्नती ज्या बँडमध्ये ड्रम वाजवते, त्या ‘लखलख’चे ते गायक. ग्लॅम मेटल, म्हणजे गिटारी कर्कश, कपडे चमचमते आणि बाप्यांच्या ओठांना लिपस्टिक. बँडचा पहिला अल्बम होत होता आणि काकांची भीतीने पार गाळण उडाली होती.

भीती कसली, तर ‘ण’ची. काका खाडीकाठच्या भातशेतीवाल्या गावचे. घरी पाण्याला पानीच म्हणणार. शाळेत त्यावरून पोरं हसली, तेव्हापासून चार लोकांत घाबरले की काका दिसेल त्या न ला ण करतात. मण. जीवण. दुकाण. मी हे इतकं हुबेहूब काढते की ताईसुद्धा वळून बघते.

शेवटचं गाणं राहिलं होतं. ते काकांनी स्वतः रचलेलं, बांध फुटून खाडी शेतात शिरते त्याचं. गोदामाशेजारच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगलेल्या, काचेपलीकडे काका एकटे. “पाणी आलं, मण भ्यालं.” गिटारवाल्या कल्पेशने थांबवलं. काका, मण नाही, मन. पुन्हा मण. तिसऱ्यांदाही मण, आणि घामाने लिपस्टिक हनुवटीवर उतरली. कल्पेश गोडीत म्हणाला, अजून एकदा बघू, नाहीतर हे मी गातो.

काका बाहेर पायरीवर येऊन बसले. पाय सारखे नाचवत होते, त्यामुळे बिबट्याछाप पँटीवरचे ठिपके पळतायत असं वाटत होतं. मला म्हणाले, माझी नक्कल कर. केली. हसले नाहीत.

“ल्हान होतो तेव्हा खरंच फुटला बांध. बाप वरडत आला. ती आरोळी अजून कानात हाय. तीच मारायचीय, पन माईक दिसला की शाळा दिसते.”

मी म्हटलं, नाहीच जमणार, ण लावणारच तुम्ही. पैज.

“हरलीस तर ही पँट घालून मच्छी मार्केटात जायचं.”

आत जाऊन त्यांनी डोळे मिटले.

“पानी आलं!”

घरचा न. आणि त्यावर चढत गेलेली ती किंकाळी गाण्यातली नव्हती. कोणीतरी खरंच सांगत होतं, पळा. थांबवायला उठलेला कल्पेशचा हात हवेतच राहिला. रेकॉर्डिंगवाल्या एडवर्ड अंकलनी पाय खुर्चीवर घेतले. फरशी कोरडी होती, मी बघितलं. तरी चपला हातात घेतल्या.

मनसुद्धा मनच आलं. अंकल हळूच म्हणाले, हेच ठेवायचं.

रविवारी पँटीला कमरेला चार सेफ्टीपिना मारून मी मच्छी मार्केटात गेले. कोळणीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हातातला बोंबील खाली ठेवला आणि विचारलं, “टाकीतली ती तूच काय गं?”