उजेडबाई

त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ते घेऊन कोणी विचारपूस केली असती तर अमरावतीच्या आमच्या बायकांच्या दवाखान्यातल्या पहारेकऱ्यालाही ते पटकन आठवलं नसतं. दवाखान्याच्या त्या मुख्य डॉक्टर, पण साऱ्या गावाला उजेडबाई म्हणूनच ठाऊक होत्या. तपासायला खोली होती, खोलीला पडदा होता, सरकारने दिलेला मोठा कंदीलही होता. बाई यातलं काहीच वापरत नसत. अंगावर डाग, पुरळ, गाठ, काहीही घेऊन एखादी पेशंट आली की तिचा दंड धरून त्या तिला मागच्या ओसरीवर नेत, बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला उन्हात बसवत आणि म्हणत, "उजेडात ये, माय. अंधारात कातडं खोटं बोलते." मग गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग डोळ्याला लावत आणि कडेकडेने सगळं न्याहाळत.

नागपूरहून डॉक्टरीची परीक्षा पास होऊन मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. बाई पन्नाशीच्या, बुटक्या, अकोल्याकडच्या. माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत, पेशंटशी वऱ्हाडीत आणि स्वतःशी अजिबात नाही. पहिल्याच आठवड्यात मी एका पोरीच्या पाठीवरच्या पुरळाला ऐटीत 'मॅक्युलोपॅप्युलर रॅश' म्हणून टाकलं. बाईंनी मान डोलावली. "छान शब्द आहे. आता त्या पोरीकडे पाठ करा आणि मला सांगा, पुरळ बोटाने दाबल्यावर पांढरं पडतं का? मानेवर आधी आलं की पोटावर? तळहातावर आहे का?" मी दाबलं नव्हतं, विचारलं नव्हतं आणि तळहात तर पाहिलेच नव्हते. त्या रागावल्या नाहीत. फक्त ओसरीकडे बोट दाखवलं आणि मी त्या पोरीला घेऊन पुन्हा उन्हात गेले.

त्यांच्याकडे पितळेचा एक डबा असे, स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यासारखाच. त्याच्या वाट्यांत मोहरी, तीळ, ज्वारी, तूर, हरभरा, एरंडी आणि बोराची आठोळी. गाठ किंवा फोड केवढा हे त्या या दाण्यांवर मोजत. मला सुरुवातीला हसू यायचं. पण धारणीकडची एखादी कोरकू बाई, जिला आमची भाषा धड कळत नसे, तीसुद्धा त्या डब्यात बोट घालून सांगू शकायची की होळीला ही गाठ तुरीएवढी होती आणि आता एरंडीएवढी आहे. बाई ते तसंच्या तसं केसपेपरवर लिहीत: 'डाव्या कोपराखाली, आतल्या बाजूस, एरंडीएवढी एक गाठ, कडा स्पष्ट, हलवली तर हलते, वरची कातडी साधी, दुखत नाही.' त्यापुढे रोगाच्या नावाची जागा पुष्कळदा कोरी असे. वरच्या साहेबांनी यावरून दोनदा खरमरीत पत्र पाठवलं होतं. बाईंनी ती दोन्ही पत्रं फाइलला लावली आणि जागा कोरीच ठेवली.

नखांच्या बाबतीत तर त्या अगदी हटवादी होत्या. "धुतल्याशिवाय नखावर बोलायचं नाही," हा नियम. तो मला एका नव्या लुगड्यामुळे कळला. निळी पडलेली नखं पाहून मी एका बाईचं हृदय बिघडलं असं ठरवून तिला खाटेवर निजवलं होतं. बाईंनी साबण मागवला. लुगड्याचा निळा रंग पाण्यात उतरला, ती पेशंट उठून बसली आणि मला म्हणाली, "मी तं पोटासाठी आली होती, बाप्पा." त्यानंतर महिनाभर नर्सेस माझ्यासमोर निळं लुगडं नेसून यायच्या.

एकदा एक सासू आपल्या सुनेला ढकलतच घेऊन आली. सून कामचुकार आहे, वावरात गेली की धुऱ्यावर, बांधाला बसून राहते, हिला कामाचं औषध द्या, अशी तिची तक्रार. बाईंनी सुनेचा हात उन्हात धरला. नखं मधे खोलगट, कडा वर वळलेल्या. बाईंनी काडीने नखावर पाण्याचा थेंब सोडला. तो तिथेच साचून राहिला. मग त्यांनी सासूच्या नखावर थेंब सोडला आणि तो ओघळून गेला. "पाह्यलं? तुह्या नखावरून पानी वाह्यलं, हिच्या नखात थांबलं. हिच्या आंगात रगत नाई. हिले कामचुकार म्हनू नको, हिले खाऊ घाल." सासू ते नख बराच वेळ पाहत राहिली. जाताना सुनेच्या डोक्यावरचं गाठोडं तिने स्वतःच्या डोक्यावर घेतलं. त्या दिवशी मी बाईंच्या प्रेमात पडले, असं आज सरळ लिहून टाकते.

तीन शब्द मात्र त्यांच्या ओसरीवर कोणी उच्चारायचे नसत: कोड, महारोग आणि महारोगालाच वऱ्हाडात म्हणतात ती रगतपिती. "वर्णन चुकलं तर उद्या दुरुस्त करू," त्या म्हणत. "नाव चुकलं तर ती बाई उद्या येणारच नाही." मला हे पटलं होतं. निदान पटलंय असं मी धरून चालले होते.

पार्वती बडनेऱ्याची. नवरा जंक्शनवर तिकिटं तपासायचा. आठ महिन्यांचा मुलगा तिच्या अंगावर पीत होता आणि तिला चक्कर येत होती, म्हणून सासू आणि नवरा तिला घेऊन आले होते. त्या दिवशी बाई अडलेल्या बाळंतिणीजवळ होत्या आणि बाहेर रांग लागली होती. मी पार्वतीला खोलीतच तपासलं, पडद्याआड, कंदिलाच्या उजेडात. तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, बांगड्यांनी झाकलेला फिकट चट्टा होता. मी कापसाचं टोक फिरवलं. तिला कळलं नाही. टाचणी लावली, तीही नीट कळली नाही. "केव्हापासून आहे?" विचारलं तर तिने पदर ओढून हात झाकला आणि खाली पाहिलं. तेवढ्यात बाई हात पुसत दारात आल्या. मी त्यांना चटकन इंग्रजीत म्हटलं, "लुक्स लाइक लेप्रसी."

मी इंग्रजीत बोलले, कारण इंग्रजी म्हणजे आमच्यासाठी आणखी एक पडदाच होता. पेशंटला कळू नये असं काही असलं की आम्ही सगळेच त्या पडद्याआड जात होतो. पण दाराबाहेर तिचा नवरा उभा होता. त्याचं इंग्रजी तिसरीपर्यंतचं. बाकी सगळं विसरला असेल, पण ज्या रोगाच्या माणसांना गाडीत बसू द्यायचं नाही त्यांची यादी रेल्वेच्या नियमांच्या पुस्तकात असे आणि ती त्याला नोकरीसाठी पाठ करावी लागली होती. तो आत आला. पार्वतीच्या अंगावर पीत असलेलं लेकरू त्याने ओढून घेतलं आणि आपल्या आईच्या हातात दिलं. लेकराच्या तोंडाला दूध लागलेलं होतं. सासू आणि नवरा लेकराला घेऊन टांग्यात बसून निघून गेले तरी ते दूर रडताना ऐकू येत होतं. खरोखर तो रोग असता तरी असं करायचं कारण नव्हतं, पण हे सांगायला तिथे कोणी थांबलंच नाही.

बाईंनी पार्वतीला ओसरीवर नेलं. मी मागे उभी होते. भिंगातून त्यांनी चट्टा पाहिला आणि पहिल्यांदाच मला हाक मारून म्हणाल्या, "या, डॉक्टर. पाहा." उन्हात तो चट्टा निराळाच दिसत होता. कातडी कागदासारखी पातळ, सुरकुतलेली, कडा काळपट आणि तुटक, खालच्या बाजूने मनगटाकडे गेलेला एक ओघळ. काही पातळ पदार्थ सांडून जळावं तसा. आणि वरच्या काठाला तिळाहून लहान असे तीन हिरवट ठिपके, एका रेषेत.

"गोंदलेलं होतं का, माय, इथं?" बाईंनी हळूच विचारलं.

पार्वतीने त्यांचे पाय धरले. ती पाटाची बायको होती. पहिला नवरा मेला, दुसरं घर झालं, हे सासरी ठाऊकच होतं. पण त्या पहिल्याचं नाव तिच्या हातावर गोंदलेलं होतं. दुसऱ्याच्या घरी ते दिसू नये म्हणून पाट लागायच्या आधी तिच्या आईने बिब्ब्याचं तेल लावून ते जाळून टाकलं होतं. "बाई, कायीबी सांगा, पन थे सांगू नका. पैल्याचं नाव लपवून आली म्हनतीन, मले कदी घरात घेनार नाईत." बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

त्याच दुपारी आम्ही दोघी टांग्याने बडनेऱ्याला गेलो. रेल्वेच्या चाळीतली त्यांची खोली. आत लेकरू रडत होतं आणि शेजारणी दारापासून चार हात लांब उभ्या होत्या. बाई म्हणाल्या, "रोग नाई. भाजल्याचा व्रण हाय."

"कायनं भाजला?" नवऱ्याने विचारलं.

"थे मले सांगता येत नाई."

"पाहा," सासू म्हणाली, "सांगता येत नाई म्हनते. झाकून राहिली."

मी पुढे झाले. माझी चूक झाली, मी घाईने बोलले, मी नीट पाहिलं नव्हतं, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, तवा तुमी इंग्रजीत बोलल्या. आता मराठीत बोलून राहिल्या. डाक्टर लोक आपसात इंग्रजीत बोलते थे खरं असते. आमाले मराठीत सांगते थे समजूत काढाले. मी कोनतं मानू?" दार लागलं.

परत येताना मी बाईंवर चिडले. तेलाने भाजलं, चुलीवर पडली, काहीतरी ठोकून द्यायचं होतं. बाई म्हणाल्या, "आजवर मी न पाहिलेलं लिहिलं नाही, डॉक्टर. मला जमलं नाही."

पार्वती दवाखान्यातच राहिली. बाईंनी तिला आयाच्या कामावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ ती मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची आणि बाई हातातलं काम सोडून तिच्याजवळ जाऊन उभ्या राहायच्या. विसाव्या दिवशी बडनेऱ्याच्या एका बाळंतिणीबरोबर आलेल्या बाईने सांगितलं की टिकिटबाबूचं पोरगं वरच्या दुधाने हगवण लागून गेलं.

मी बाईंच्या खोलीत गेले. मला शिव्या द्या, माझी तक्रार वर पाठवा, असं काहीतरी रडत म्हणत होते. बाई त्या पितळी डब्यातले दाणे पुसत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही न पाहता बोललात. मी पाहून बोलले नाही. दोघींनी मिळून एक लेकरू घालवलं." त्या रडत होत्या आणि मोहरी ज्वारीच्या वाटीत पडत होती. बाईंना मी त्याआधी आणि त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही.

वर्षभराने बाईंच्या बदलीचा हुकूम आला, अकोल्याला. पार्वती त्यांच्याबरोबर निघाली. मी पोचवायला बडनेऱ्यापर्यंत गेले. फाटकावर तिकिटं तपासायला पार्वतीचा नवराच होता. गेल्या वर्षात तो खूप वाळला होता. त्याने बाईंचं तिकीट घेतलं, छिद्र पाडलं, परत दिलं. पार्वतीने तिकीट पुढे केलं तेव्हा त्याने हात मागे घेतला. "ठेव तिथं," म्हणाला आणि कठड्याकडे मान हलवली.

पार्वतीने तिकीट ठेवलं नाही. तिने बांगड्या वर सारल्या आणि हात त्याच्यासमोर धरला. मागे रांग होती, हमाल होते, सगळे ऐकत होते. "हरिभाऊ," ती म्हणाली. "हे नाव होतं इथं. माह्या पैल्या मालकाचं. तुले दिसू नये म्हून माह्या मायनं बिब्यानं जाळलं. रगतपिती नोती. माह्या दुधात कायी नोतं." आवाज चढला नव्हता. तिकीट त्याच्या हातात कोंबून ती फाटकातून पुढे गेली. बाई तिच्यामागे गेल्या. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, तेच शेवटचं. दोन पावसाळ्यांनंतर अकोल्याला हिवतापाने त्या गेल्या, हे मला पत्राने कळलं.

गाडी सुटली. लोक पांगले. तो फाटकातच उभा होता, पार्वतीचं तिकीट हातात तसंच, छिद्र न पाडलेलं. बऱ्याच वेळाने माझ्याजवळ आला.

"थे खरं बोलली का, बाई?"

"हो."

"तुमाले तवाच मालूम होतं? माह्या दारात आल्या होत्या तवा?"

"हो."

त्याने तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "मंग पोरगं जित्तं होतं तवा काहून नाई सांगतलं?" त्याने विचारलं आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे पाहत राहिला.