अर्ध्या रेघा

मधुकरकाका गेल्याचं मला त्यांच्या खिडकीसमोर कळलं. अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात टाइम ऑफिसला एक छोटी खिडकी आहे. रजेचे अर्ज तिथे काकांकडे द्यायचे. त्या सोमवारी रांग होती, हातांत अर्ज होते, आणि आत खुर्ची रिकामी. कोणी रांग मोडत नव्हतं. शेवटी एकजण हळूच म्हणाला, "पहाटे गेले. झोपेतच." तरी माणसं बराच वेळ तशीच उभी होती...

काका उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये आमचे शेजारी. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कॉम्प्युटरचा क्लास केला म्हणून मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला कारखान्यात नेलं. साहेबांना सगळ्यांच्या रजांची बेरीज आपोआप हवी होती. काकांचं रजांचं रजिस्टर कॉम्प्युटरच्या तक्त्यात भरायचं; मग एक कळ दाबली की प्रत्येकाची शिल्लक रजा छापून बाहेर. जमलं तर मला कायम ठेवणार होते. चपला बाहेर काढून थंड खोलीत शिरायचं, काळ्या पडद्यावर हिरवे आकडे तरंगायचे... पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं. काका दारातच थांबायचे. म्हणायचे, "तुझ्या देवळात मी येत नाय. पूजा झाली की सांग."

इतक्या वर्षांत त्यांच्याकडून एकही रजा चुकली नव्हती. पार चामटोली गावापर्यंत त्यांचं तेच नाव होतं. भाताच्या लावणीत चामटोलीची माणसं सकाळी शेतात राबून दुपारी कामावर यायची. त्या दिवसाच्या चौकटीत अर्ध्या रजेची म्हणून काका अर्धीच रेघ ओढायचे. मला रेघा लहानमोठ्या दिसल्या होत्या, पण मी विचारलं नाही. विचारलं तर हिला येत नाही असं वाटेल, अशी भीती होती. प्रत्येक रेघेला मी अख्खा दिवस धरला.

शिल्लक रजांची छापील यादी लागली आणि त्याच आठवड्यात चामटोलीच्या पांडूदादांचा अर्ज परत आला. बायको बाळंतपणाला बदलापूरच्या दवाखान्यात, आणि यादीत रजा शिल्लक शून्य. काकांनी रजिस्टर उघडलं, माझी यादी शेजारी ठेवली. त्यांना लगेच कळलं. मलाही.

साहेबांनी विचारलं, "चूक कोणाची?"

काका म्हणाले, "माझी, साहेब. रेघा नीट ओढल्या नाहीत."

मी गप्प राहिले. पांडूदादांना रजा मिळाली, पण ते दवाखान्यात पोचायच्या आधीच त्यांची मुलगी या जगात पोचली होती.

मी कायम झाले. खिडकीशी मात्र माणसं आपली रजा दोनदा मोजून घेऊ लागली. "काका, परत बघा, कॉम्प्युटरने खाल्ली असंल."

"खाल्ली नाय रे, नुसती चावली," म्हणत काका बोटांच्या पेरांवर पुन्हा मोजायचे. मी आज सांगेन, उद्या सांगेन म्हणत राहिले...

बुद्धविहारात काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पांडूदादा बोलायला उभे राहिले. "काका एकदाच चुकले, तेही माझ्या वेळेला," ते म्हणाले, "पण माणूस सोन्याचा."

मी उठले. "दादा, ती चूक माझी होती. काकांची नव्हती."

ते माझ्याकडे वळले. "मग आम्ही वर्षभर त्यांच्याकडून दोन-दोनदा मोजून घेतलं ते?"

"ते काही बोलले नाहीत."

पांडूदादा खाली बसले. म्हणाले, "आता सांगून कोणाला सांगतेस, पोरी."

सगळ्यांनाच सांगायचं, म्हणून इथे लिहिलं. कसं लिहिलंय, माहीत नाही.

आता खिडकीत मी बसते. बेरीज कॉम्प्युटर करतो, आणि बरोबर करतो. तरीही आकडा सांगण्याआधी मी काकांसारखी बोटांच्या पेरांवर मोजते. ओठ न हलवता, अंगठा एका पेरावरून दुसऱ्यावर. कधी वाटतं, अंगठा माझा नाहीच... समोरचा माणूस तेवढा वेळ थांबतो. मोजून झालं की मी आकडा सांगते. आणि म्हणते, चुकला असेल तर माझं नाव घ्या.