अजून उंदरालेच देऊन राहिलो

त्या दिवशी सकाळी दुकान उघडत होते, तेवढ्यात रेहानाच्या भावाचा फोन आला. "ताई, आपा गेली..." अमरावतीहून अकोल्याची बस मी कशी पकडली, आठवत नाही.

फार्मसी शिकताना रेहाना आणि मी एका बाकावर बसायचो. पुढे मी औषधांचं दुकान टाकलं, ती संशोधनात गेली. डोळ्यांना न दिसणाऱ्या लोखंडाच्या कणांवर कॅन्सरचं औषध चढवायचं, हा तिचा ध्यास. "औषध नेमकं गाठीतच जाईन, बाकी शरीराले त्रास नाई. अन् पोचलं का नाई, ते एमआरआयत दिसन बी!" सांगताना तिचा चेहरा उजळायचा.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कपाशीनं दगा दिलेला, गावोगावी सुतक. अशात चांदूर बाजारकडचे रामकृष्णभाऊ तिच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन बसले. त्यांच्या बायकोला, अनसूयाबाईंना, यकृतात गाठ होती. रेहानाच्या कामाबद्दल त्यांनी पेपरात वाचलं होतं.

"मॅडम, थोडसं द्या ना. डॉक्टरनं तं हात टेकले."

"भाऊ, हे आमी अजून उंदरालेच देऊन राहिलो. माणसाले काय होईन, मले माहीत नाई."

भाऊ चिडले नाहीत. दारातून हललेही नाहीत. मग रेहानाच उठली. दोघांना घेऊन नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे गेली. इलाज नव्हता, पण दुखणं सुसह्य करणारं औषध मिळालं. त्यानंतर रविवार आला की ती चांदूर बाजारला जायची, बाईंच्या केसांना तेल लावायची, गप्पा मारायची. बाई गेल्या तेव्हा भाऊंनी तिला लेकीसारखं घरात घेतलं.

काही वर्षांनी रेहानालाच तसली गाठ निघाली. मी म्हटलं, "तुयाजवळ हाय ना औषध? घे. कोनाले कळते?"

"अनसूयाबाईले नाई म्हटलं मी," ती म्हणाली, "मंग मले काहून?"

मी भांडले, रडले. ती माझा हात धरून बसली, बस्स.

ती गेल्याला आता काही वर्षं झाली. परवा तिच्या प्रयोगशाळेत गेले. काम पुढे सरकलंय, पण अजून उंदरांवरच आहे. एका विद्यार्थिनीनं पिंजऱ्यातला उंदीर ओंजळीत घेतला, पाठीवरून बोट फिरवलं आणि सुई टोचण्याआधी हळूच म्हणाली, "माफ कर रे बाप्पा."

रेहाना अगदी असंच म्हणायची. ही मुलगी तर नवी, तिनं रेहानाला पाहिलेलंही नाही.

"हे कोणी शिकवलं तुले?" मी विचारलं.

ती गोंधळली. "कोणी नाई मॅडम. इथं सगळेच म्हणतात."