बायकांत बसून सोललेले वाल

मला वाल सोलायला आवडतात. खायलाही आवडतात, पण त्यात नवल नाही, आमच्या पेणकडं ते सगळ्यांनाच आवडतात. मी सोलण्याबद्दल बोलतोय. कुणी छंद विचारला की मी हेच सांगतो, आणि समोरचा हसला की पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगतो. परवा आमच्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर हाच विषय निघाला. एकानं वाचन सांगितलं, दुसऱ्यानं भजन, तिसऱ्यानं योगासनं. वाचनवाल्याला पेपरातल्या राशिभविष्यापुढं गेलेला मी तरी पाहिलेला नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "वाल सोलणं." कट्टा खो खो हसला. हसेना का! या हसण्याला मी आजचा ओळखत नाही.

ज्यांच्या घरी बिरडं, म्हणजे मोडाच्या वालांची उसळ, होत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाल आदल्या दिवशी सकाळी भिजत घालायचे, रात्री फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी मोड येतात. मग कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक चिमटीत धरून दाबायचा. साल बोटांत राहतं आणि आतली डाळिंबी टुणकन बाहेर पडते. ती मोडता कामा नये, मोडाचं शेपूटही तुटता कामा नये. बस, एवढंच. यात विद्या काही नाही, कुणालाही येतं. म्हणूनच तर मला कळत नाही, की बाईनं केलं तर ते काम आणि पुरुषानं केलं तर तमाशा, असं का?

हा नाद मला कंपनीनं लावला. रोह्याकडं कारखाने उभे राहिले तेव्हा आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या पोरांना तिथं नोकऱ्या लागल्या, आणि नोकरीबरोबर रात्रपाळी. रात्रभर हातात रबरी मोजे आणि कानात यंत्रांची घरघर. सकाळी कंपनीची बस नागोठण्याला पोचेपर्यंत सगळी बस घोरत असायची, मी सोडून. घरी येऊन आडवा झालो तरी डोक्यातली घरघर थांबायची नाही. एकदा असाच वैतागून उठलो, मागच्या पडवीत गेलो. आई वाल सोलत बसली होती. तिच्यासमोर बसलो आणि परातीत हात घातला. मोज्यांत उबून गेलेल्या बोटांना ते कोमट पाणी लागलं, आणि खरं सांगतो, डोळे भरून आले. अर्धी परात झाली तेव्हा डोक्यातली घरघर थांबलेली होती. तिथंच भिंतीला टेकून मी झोपलो. आईनं उठवलं नाही.

तेव्हापासून घरात वाल भिजले की मी परातीशी. बातमी कंपनीत पोचायला वेळ लागला नाही, कारण बसमधला एक जण आमच्याच आळीतला होता. कॅन्टीनमध्ये मला "वहिनी" म्हणायला लागले. "काय वहिनी, आज बिरडं का?" मी म्हणायचो, "व्हय भावजी, या जेवायला." ते दोन-चार वेळा खजील झाले, मग निर्ढावले. या भावजींचे स्वतःचे छंद काय होते? पैसे लावून रमी खेळणं, पगाराच्या संध्याकाळी पिऊन बायकोच्या नावानं शंख करणं. ते छंद मर्दानी म्हणून त्यांना कुणी हसत नव्हतं.

लग्न झालं. बायकोला सुरुवातीला फार लाज वाटायची. मी परातीशी बसलो की ती हळूच मागचं दार लोटून घ्यायची, शेजारणींना दिसू नये म्हणून. मी उठून ते सताड उघडायचो. ती लोटायची, मी उघडायचो. शेवटी तिनं दाराचा नाद सोडला आणि समोर बसून सोलायला लागली. आमची अर्धी भांडणं आणि सगळे समेट त्या परातीवरच झाले.

मग मुलगी झाली, एकुलती एक. तिला चिमटीत वाल धरता यायला लागला तेव्हा आमचा खेळ सुरू झाला. साल जरा जोरात दाबलं की डाळिंबी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. ती माझ्या नाकाचा नेम धरायची, मी तिच्या कपाळाचा. माझी आई ओरडायची, "अन्न हाय ते, खेळणं नाय!" आम्ही मान खाली घालून सोलायचो आणि आईची पाठ वळली की पुन्हा सुरू. त्या पोरीच्या हसण्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

ती शिकली, मोठी झाली, रोह्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, तिला मनापासून आवडलेला. साखरपुडा आमच्या घरी ठरला. आमच्याकडं कार्यात बिरड्याशिवाय पान वाढत नाहीत, आणि एवढे वाल सोलायचे म्हणजे आळीतल्या बायका आपापली वाटी घेऊन येतात, परातीभोवती बसतात, गाणी म्हणतात, सासवांची उणीदुणी काढतात. ते काम पुरुषाचं नाही आणि पुरुष तिकडं फिरकतही नाही. मी मात्र दर कार्याला बसत आलो होतो. बायकांनाही त्याची सवय झाली होती. सासवांबद्दल माझ्यासमोर बोलताना त्या आवाजही खाली करत नव्हत्या.

दोन दिवस आधी मुलगी माझ्यापाशी आली.

"बाबा, एक मागू?"

"माग की."

"त्या दिवशी तुमी पुढं बसा. पुरुषांत. मागं बायकांत नको."

"का गो?"

"लोक हसतात."

"लोक कधीपासून हसतात ते तुला म्हायती नाय?"

"तवा माझं लगीन नव्हतं," ती म्हणाली.

हे वर्मी लागलं. बाहेरच्यांचं हसणं मी कधी मनाला लावून घेतलं नव्हतं, पण ही तर माझ्यासमोर बसून वाढलेली. मी म्हणालो, "नाय. त्यांना कळू दे बाप कसा हाय तो. मागनं कळण्यापरीस आधी कळलेलं बरं."

"म्हणजे तुमचे वाल माझ्यापरीस मोठे," ती म्हणाली आणि निघून गेली. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बायकोनं तेवढं एकच वाक्य ऐकवलं, "पोरीचं जुळलेलं मोडलं ना, तर मला तोंड दावू नका."

मी घाबरलो नव्हतो असं म्हणणार नाही. चांगलाच घाबरलो होतो. रोह्याची माणसं कशी आहेत, किती मनावर घेतात, मला काय ठाऊक? त्यांनी पाठ फिरवली असती तर पोरीनं मला जन्मभर माफ केलं नसतं, आणि तिचं चुकलंही नसतं. पण मी एकदा लपवलं असतं, तर ते लपवण्याजोगं आहे हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. मग त्या घरी दर वेळी जाताना लपवावं लागलं असतं. आणि आपल्या माणसांतलं काय काय झाकून ठेवायचं, हे ती पोर माझ्याकडून शिकून सासरी गेली असती. ते मला नको होतं.

साखरपुड्याच्या सकाळी मी इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि मागच्या अंगणात बायकांत जाऊन बसलो. पाहुणे जेवणवेळेला यायचे होते, तोवर वाल होऊन मी आंघोळपांघोळ करून पुढं बसलो असतो; कुणी विचारलं असतं तर मात्र लपवणार नव्हतो. म्हणजे हट्टही राहिला असता आणि पोरीचं मनही. पण रोहेकर निघाले उत्साही. जीप करून दोन तास आधीच येऊन थडकले. त्यात आमच्या आळीतल्या मूर्तींच्या कारखानदारानं रंग न दिलेले गणपती उन्हात वाळायला मांडलेले. आळी या टोकापासून त्या टोकापर्यंत गणपतींनी भरलेली, पाय ठेवायला जागा नाही. कुणीतरी पाहुण्यांना भल्या मनानं मागची वाट दाखवली, आणि सगळं वऱ्हाड थेट आमच्या परातीसमोर येऊन उभं राहिलं.

बायकांनी भराभर पदर सावरले. मुलाच्या वडिलांनी इकडं तिकडं पाहिलं. बायकांत एकच पुरुष, बाह्या वर केलेल्या, कोपरापर्यंत ओला. त्यांना वाटलं मी आचारी.

"काय हो, नवरीचे वडील कुठं हायत?"

"मीच," मी म्हणालो. "या, बसा. हात ओले हायत, नमस्कार मागनं करतो."

कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. त्यांच्यातली एक जाडजूड मावशी शेजारच्या बाईच्या कानात म्हणाली, पण साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशी, "या घरात कुणाचं चालतं ते कळलं गो बाय!"

"कुणाचंच नाय चालत," मी म्हणालो. "म्हणून तर बरं चाललंय."

तेवढ्यात मला दारात मुलगी दिसली. हिरवी साडी, केसांत गजरा, चेहरा पांढराफटक. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पाहुण्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, परातीपाशी आली, वाकून साडीचा घोळ सावरला आणि आत निघून गेली. तरी मी उठलो नाही. परातीत उरलेले वाल सोलले, मगच हात धुतले.

साखरपुडा झाला. सगळं रीतसर झालं, पण पाहुणे जरा तुटकच होते, आणि मुलगीही वर मान करत नव्हती. जेवायला पंगत बसली. वाढायला मी स्वतः उभा राहिलो. मुलाच्या वडिलांचं पान पाहिलं तर बिरडं साफ संपलेलं, भात तसाच. मी पातेलं घेऊन पुढं झालो.

"आणखी वाढू? पण हे मीपण सोललंय हां, नुसत्या बायकांनी नाय. चालंल?"

बायकोनं कपाळाला हात लावलेला मला दिसला. त्यांनी माझ्याकडं वर पाहिलं, मग पानाकडं पाहिलं.

"वाढा," ते म्हणाले. पान जरा पुढं सारून म्हणाले, "बेतानं नको, नीट वाढा."

मावशीनंही हात पुढं केला, माझ्याकडं न बघता. मी तिला दोन पळ्या जास्तच वाढलं.

जाताना त्यांनी लग्नाची तारीख लवकर काढू म्हणून सांगितलं. जीप गेली. बायको दमून आडवी झाली. मी मागच्या अंगणात सालांची परात रिकामी करायला बसलो. जुळलेलं मोडलं नव्हतं, पण मला त्याचा आनंद घेता येत नव्हता. मुलगी दिवसभरात एक शब्द बोललेली नव्हती. मागं पावलं वाजली, ती तिचीच होती हे मला कळलं. आता काय बोलायचं ते बोल म्हणून मी मान खाली घालून तसाच बसून राहिलो.

कानावर काहीतरी टपकन लागलं आणि मांडीवर पडलं. पाहिलं तर सुकून आकसलेली एक डाळिंबी. सकाळी परातीपाशी ती वाकली होती ती साडी सावरायला नव्हे. सोललेला एक वाल उचलून तिनं तो साखरपुडाभर मुठीत ठेवला होता.

"नेम चुकला," ती म्हणाली. "नाकावर मारायची होती."

मी वळलो नाही. सालांत हात घालून सोलायचा राहून गेलेला एखादा वाल सापडतो का ते चाचपायला लागलो.